एक चेहरा, तीन आरसे

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, बार्बरा स्टॅनविक. पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, पण तुमचा विषय तत्त्वज्ञान ना?" (हशा) मी म्हटलं, हो, म्हणूनच. पस्तीस वर्षं वर्गात मी एक प्रश्न शिकवत आलो, की दुसऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय हे आपल्याला कळतं कशावरून? कान्टपासून विट्गेनश्टाइनपर्यंत सगळ्यांना कामाला लावलं. पण हा प्रश्न नीट टोचला तो एका अमेरिकन नटीमुळे. तेव्हा आज तिच्याबद्दल बोलतो.

तिला सगळे 'अष्टपैलू' म्हणतात. हा शब्द आपण क्रिकेटवाल्यांना देऊन टाकलाय, तो जरा परत घेऊ. आपल्याकडे नटाच्या वैविध्याचं कौतुक करायला दोन शब्द आहेत. एक 'बहुरूपी'. बहुरूपी दारात येतो, आज पोलीस, उद्या साधू, आणि आपण त्याला ओळखलं नाही की तो जिंकला. दुसरा 'अष्टपैलू'. पैलू हिऱ्याला असतात. हिरा तोच राहतो, आपण तो फिरवतो आणि प्रकाश वेगळा दिसतो. मेरिल स्ट्रीप तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. 'सोफीज चॉइस'मध्ये पोलिश, 'आउट ऑफ आफ्रिका'मध्ये डॅनिश, 'द आयर्न लेडी'मध्ये थॅचर. दर वेळी उच्चार नवा, चाल नवी. ती थोर आहेच, पण ती बहुरूप्याच्या घराण्यातली. स्टॅनविक दुसऱ्या घराण्यातली. तिचा आवाज तोच, थोडा खरखरीत, ब्रुकलिनच्या गल्लीतला. चाल तीच. आणि तरी खुनी बाई, भोळी आई, पत्ते लावणारी ठग, रँचची मालकीण, सगळ्यांवर आपला विश्वास बसतो. हे कसं होतं, एवढाच आजचा प्रश्न.

थोडी माहिती देतो, म्हणजे तरुण मंडळींना धागा सापडेल. जन्म 1907, ब्रुकलिन. खरं नाव रूबी स्टीव्हन्स. चार वर्षांची असताना आई ट्रामच्या अपघातात गेली, वडील घर सोडून निघून गेले. मग आज या घरी, उद्या त्या घरी. शाळा अर्धवट सुटली. पंधरा-सोळाव्या वर्षी नाचणाऱ्या मुलींच्या तांड्यात, तिथून ब्रॉडवेचं नाटक, तिथून बोलपट. 1930मध्ये फ्रँक काप्राच्या 'लेडीज ऑफ लेझर'नं नाव झालं. पुढे ऐंशीहून अधिक चित्रपट. अभिनेत्री म्हणून ऑस्करची नामांकनं चार, 'स्टेला डॅलस', 'बॉल ऑफ फायर', 'डबल इन्डेम्निटी' आणि 'सॉरी, राँग नंबर' यांसाठी. चारही वेळा हात रिकामे. शेवटी 1982च्या समारंभात मानद ऑस्कर दिलं. साठच्या दशकात दूरदर्शनवर 'द बिग व्हॅली' ही मालिका, 1983मध्ये 'द थॉर्न बर्ड्स'. 1990च्या जानेवारीत गेली.

आमच्या विषयाचा तिच्याशी थेट संबंध आलेला एक चित्रपट आहे, तो सांगून पुढे जातो. 'बेबी फेस', 1933. लिली नावाची मुलगी, बापाचा चोरटा दारूचा अड्डा, बाप तिलाही गिऱ्हाइकांपुढे ढकलतो. तिथे एक म्हातारा चांभार येतो, तो तिला नीत्शे वाचून दाखवतो! जगात दोनच जाती, मालक आणि गुलाम, तू पुरुषांना वापर, असा उपदेश. ती न्यू यॉर्कला येते आणि एका बँकेत एकेका मजल्यावरच्या एकेका साहेबाला वापरत वर चढते. कॅमेराही इमारतीच्या बाहेरून एकेक मजला वर सरकतो. सेन्सॉरवाल्यांना हे सोसेना. त्यांनी म्हाताऱ्याचं बोलणंच बदलायला लावलं आणि नीत्शेऐवजी त्याच्या तोंडी सदाचाराचा उपदेश घातला. (हशा) मूळ प्रत 2004मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात सापडली. आता दोन्ही प्रती पाहता येतात, आणि एक मजेची गोष्ट ध्यानात येते. शब्द बदलले, पण ऐकणाऱ्या लिलीचा चेहरा तोच आहे. नीत्शे ऐकतानाही तोच, सदाचार ऐकतानाही तोच. आणि दोन्हीकडे तो खपून जातो! ती ऐकतेय, तोलतेय, आणि काय ठरवलं ते सांगत नाहीये. हा चेहरा लक्षात ठेवा.

आता अभिनयाबद्दलचा जुना वाद. फ्रेंच तत्त्ववेत्ता दिदरो यानं नटाच्या विरोधाभासावर एक संवाद लिहिला, अठराव्या शतकात. छापला गेला 1830मध्ये, म्हणजे तो गेल्यावर शेहेचाळीस वर्षांनी. त्याचं म्हणणं असं, की थोर नटाला स्वतःला काही वाटत नसतं. वाटलं तर तो रोज रात्री तेच काम तितक्याच ताकदीनं करू शकणार नाही. पहिल्या प्रयोगाला पेटेल आणि तिसऱ्याला दगडासारखा थंड पडेल. म्हणून डोकं थंड पाहिजे, रडायचं काम प्रेक्षकांचं. आपल्याकडे अभिनवगुप्त वेगळ्या वाटेनं जवळजवळ इथेच येतो. रस नटात नसतो, नट हे आस्वादाचं साधन, म्हणून तर त्याला 'पात्र' म्हणायचं. प्याल्याला मद्याची चव कळत नाही. मराठीत आपण रोज 'पात्र' म्हणतो आणि भांडं विसरून जातो.

मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. मग काप्राचं आत्मचरित्र वाचलं. तो लिहितो, की स्टॅनविक पहिल्याच वेळेला सगळं ओतून मोकळी व्हायची. पुन्हा घ्यायला गेलं की रंग फिका. म्हणून तो बाकीच्या नटांच्या तालमी तिच्याशिवाय घ्यायचा आणि तिचा प्रवेश एकाच दमात, एकाहून जास्त कॅमेरे लावून टिपायचा. म्हणजे बघा, दिदरोनं ज्या नटाला नापास केलं होतं, अगदी तोच हा नट! पहिल्या वेळी पेटणारा, तिसऱ्या वेळी थंड. दिदरोचा नियम रंगभूमीचा होता, जिथे शंभर प्रयोग करावे लागतात. सिनेमात एकदाच जमलं तरी पुरतं. तो एकदाचा क्षण पट्टीवर कायम राहतो. यंत्रानं एक तत्त्वज्ञानातला सिद्धान्त निकामी केला, असं मी तेव्हा वर्गात ऐटीत सांगायचो.

पण हेही पुरं उत्तर नाही. कारण ती पेटून काम करत असेल, तर भोळ्या आईच्या वेळी पेटणं समजतं. थंड डोक्याच्या ठगाच्या, खुनी बाईच्या वेळी ती कशानं पेटत होती? इथे मला तीन आरसे सापडले. तीन चित्रपट, प्रत्येकात एक आरसा. सालांचा क्रम सोडून सांगतो, त्याला कारण आहे.

पहिला आरसा 'द लेडी ईव्ह'मधला. प्रेस्टन स्टर्जेस, 1941. जहाजावरचं जेवणघर. जीन ही पत्त्यांतली ठग, बापाबरोबर सावज शोधतेय. सावज म्हणजे बिअर कंपनीच्या मालकाचा मुलगा, हेन्री फोंडा. सापांचा अभ्यासक, अ‍ॅमेझॉनवरून परत निघालाय, पुस्तकात डोकं घालून बसलाय. सगळ्या मुली त्याच्याकडे बघतायत. जीन त्याच्याकडे पाठ करून बसते, पावडरच्या डबीतला आरसा उघडते, आणि आरशात त्याला बघत बघत कोण कसा डाव टाकतेय याचं धावतं वर्णन करते. मग तो जवळून जाताना पाय आडवा घालते. तो सपशेल आडवा.

पुढे दोघं खरोखर प्रेमात पडतात, त्याला तिचा धंदा कळतो, तो तिला झिडकारतो. ती सूड म्हणून इंग्रज उमरावीण होऊन त्याच्याच घरी येते. चेहरा तोच, केस तेच. त्याचा नोकर ओरडून सांगतोय की ही तीच बाई आहे. पण हा विद्वान काय तर्क करतो? तिला फसवायचं असतं तर तिनं रूप बदललं असतं. रूप बदललेलं नाही, अर्थात ही ती नाही! (हशा) तर्कशास्त्राच्या पेपरात मी हा प्रश्न दोनदा घातला होता.

हसण्यापुरतं हे ठीक. पण त्या माणसाचं चुकतंय काय ते बघा. त्याला एक निरागस मुलगी हवी आहे आणि एक कपटी बाई, दोन वेगळ्या कप्प्यांत. एकाच बाईत दोन्ही असतील, हे त्याच्या डोळ्यांना दिसत असूनही मनाला झेपत नाही. स्टॅनविक इथे मुद्दाम दोन वेगळ्या बायका करत नाही. इंग्रजी उच्चार काढते तोही थोडा नाटकी, आपल्याला कळावा इतपत. ठग असताना ती प्रेमळ आहे, उमरावीण असताना दुखावलेली आहे. सगळं एकाच वेळी.

दुसरा आरसा 'डबल इन्डेम्निटी'तला, 1944. दिग्दर्शक बिली वाइल्डर. इतक्या निर्दय बाईचं काम करायला ती कचरली होती, आणि वाइल्डरनं तिला डिवचलं, की तू नटी आहेस की उंदीर? हा किस्सा तिनंच सांगितलेला. फिलिस ही श्रीमंत माणसाची बायको. विम्याचा एजंट दारात येतो. ती जिना उतरून येते, आरशापुढे उभी राहून लिपस्टिक लावते, आणि तो मागून आरशात बघतोय हे तिला पक्कं माहीत आहे. चेहरा सरळ बसलाय ना, अशा अर्थाचं काहीतरी ती गमतीत बोलते. जणू चेहरा ही टोपीसारखी चढवायची वस्तू. डोक्यावर तो पिवळा टोप, उघड उघड खोटा. आणि तो उघड खोटा आहे, हेच बरोबर आहे.

मग खून. गाडी ती चालवतेय, शेजारी नवरा, मागच्या सीटवर एजंट लपलेला. तो नवऱ्याचा गळा आवळतो, ते आपल्याला दिसत नाही. कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्यावर. ती समोरच्या रस्त्याकडे बघतेय. काही सेकंदांचा चेहरा. त्यात समाधान आहे? सुटका आहे? मी तो भाग कितीदा पाहिला असेन, दर वेळी वेगळं वाचतो. आणि शेवटी ती त्याच्यावर एक गोळी झाडते, दुसरी झाडू शकत नाही. आत्ता, या क्षणापर्यंत तुझ्यावर प्रेम नव्हतं, म्हणते. तो म्हणतो, पटत नाही. ती म्हणते, पटावं असं म्हणतच नाही, फक्त जवळ धर. तो तिला मारून टाकतो. ते खरं होतं की शेवटचा डाव? चित्रपट सांगत नाही. स्टॅनविकचा चेहराही सांगत नाही. एखाद्या कमी ताकदीच्या नटीनं तिथे एक थेंब पाणी डोळ्यांत आणून आपली सोय केली असती.

तिसरा आरसा शेवटी ठेवलाय, तो मला जड जातो म्हणून. 'स्टेला डॅलस', 1937, दिग्दर्शक किंग व्हिडोर. गिरणीत काम करणाऱ्यांच्या वस्तीतली स्टेला वरच्या वर्गातल्या माणसाशी लग्न करते. जमत नाही, दोघं वेगळी राहतात, मुलगी लॉरेल आईकडे. आईचं बोलणं मोठं, कपडे भडक. मुलीला घेऊन ती एका उंची हॉटेलात उतरते. एक दिवस ती झालरी, फर, खुळखुळणाऱ्या बांगड्या असा सगळा साज चढवून बाहेर पडते. लोक हसतात. लॉरेल सोडा फाउंटनवर मित्रमैत्रिणींबरोबर बसलीय. काउंटरमागच्या आरशात तिला ते ध्यान दिसतं. आपली आई! ती तोंड लपवून पळते. रात्री आगगाडीच्या बर्थवर दोघी. पलीकडे मुली त्याच बाईची टिंगल करतायत, दोघींनाही ऐकू येतं. मुलगी आईपाशी येते, आईनं ऐकलं तर नाही ना हे बघायला. आई झोपेचं सोंग घेते.

पुढे आई ठरवते, की मुलीचं भलं बापाच्या घरी. मुलगी जायला तयार नाही. मग स्टेला मोठ्यानं रेकॉर्ड लावून, सिगारेट ओढत, मला आता माझं आयुष्य जगायचंय असं नाटक करते आणि मुलीचं मन मोडून तिला घालवते. शेवटी मुलीचं लग्न, आणि ही रस्त्यावर पावसात, लोखंडी कुंपणाबाहेर गर्दीत, खिडकीतून बघतेय. पोलीस हाकलतो, ती म्हणते एवढं बघू दे. मग ती वळते, आपल्याकडे चालत येते, आणि हसतेय.

आता वाद. स्टॅन्ले कॅव्हेल हा हार्वर्डचा तत्त्वज्ञ. 'लेडी ईव्ह'वर त्यानं 1981च्या पुस्तकात लिहिलं, 'स्टेला डॅलस'वर 1996च्या. माझ्या विषयातल्या फार थोड्या लोकांनी सिनेमा इतक्या गांभीर्यानं घेतला. तो म्हणतो, आपण सगळे स्टेलाला कमी लेखतो. ती मुलीचे कपडे इतक्या नेटके, इतक्या चांगल्या नजरेनं स्वतः शिवते. अशा बाईला आपण हॉटेलात कशा दिसतोय हे कळत नसेल? कळतं. ती मुद्दाम करतेय. मुलीला तोडण्याची ती सुरुवात आहे.

हे वाचलं तेव्हा मला शरम वाटली. कारण 80च्या दशकात पुण्यात फिल्म सोसायटीच्या खेळाला त्या प्रवेशात मी हसलो होतो. अख्खं सभागृह हसलं, मीही. म्हणून कॅव्हेलचं म्हणणं मी डोक्यावर घेतलं आणि बरीच वर्षं तेच सांगत राहिलो.

आज मला ते पटत नाही. कारण तो बर्थ. टिंगल ऐकताना स्टॅनविकचा चेहरा बघा. काहीतरी पहिल्यांदा कळल्याचा तो चेहरा आहे. सगळं आधीच ठरवून केलं असतं, तर हा धक्का कशाचा? कॅव्हेलला स्टेला हुशार हवी आहे. का? तिचा आदर करता यावा म्हणून. आणि माझी तक्रार नेमकी इथे आहे. तिला कळत नसतं, ती खरंच फक्त हौसेनं नटली असती, तर तिचा आदर कमी करायचा का? माणसाची किंमत ठरवायला आधी त्याची परीक्षा घ्यायची, ही आम्हा प्रोफेसर लोकांची खोड. (हशा) 'लेडी ईव्ह'मधला तो सापवाला निरागसपणाचा दाखला मागत होता, 'डबल इन्डेम्निटी'तला एजंट खरेपणाचा, आणि कॅव्हेल हुशारीचा. तिघंही त्या बाईला म्हणतायत, आधी आत काय आहे ते दाखव, मग बघू.

एक खाजगी गोष्ट सांगतो, यापूर्वी जाहीरपणे कधी सांगितली नाही. 1971 साली मी एम.ए.ला होतो. आई गावाहून न कळवता वसतिगृहावर आली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेला डबा, आणि आवाज असा की तिन्ही मजल्यांना ऐकू जावा. माझ्याशेजारी आमचे एक प्राध्यापक उभे होते, इंग्रजीत बोलणारे. त्यांनी विचारलं, "या कोण?" मी गप्प. दोन क्षण, तीन क्षण. आणि आईच म्हणाली, "म्या ह्यांच्या गावची. ह्यांच्या आईनं डबा धाडलाय." डबा ठेवला आणि दुपारच्या एस.टी.नं परत गेली.

त्या रात्री स्टेलाला हसून सायकलवरून घरी येताना मला हे आठवलं. आईला काय कळलं होतं? माझी लाज दिसली होती, की साहेबासमोर कसं बोलावं असं वाटून ती सहज बोलून गेली? तिनं पुढे कधी विषय काढला नाही, मी विचारलं नाही. ती गेली त्याला आता तीस वर्षं होतील. कॅव्हेल वाचला तेव्हा बरं वाटलं, की आईनं सगळं ओळखून केलं, केवढी थोर! पण तो माझा सोयीचा अर्थ होता. तिला थोर ठरवलं की माझं गप्प बसणं त्या थोरपणाखाली झाकलं जातं. तिला काय कळलं होतं हे मला ठाऊक नाही. मी गप्प बसलो, हे मात्र ठाऊक आहे.

तर स्टॅनविकचं अष्टपैलूपण मला इथे दिसतं. तिच्या सगळ्या बायकांना कोणीतरी बघत असतं. आरशातून, जिन्याखालून, खिडकीतून. त्यांना त्याची जाणीव असते किंवा नसते, कमी असते किंवा जास्त. त्या जाणिवेची मात्रा ती भूमिकेगणिक बदलते. जीनला पुरती आहे. फिलिसला इतकी आहे की तिच्यापलीकडे दुसरं काही उरलंय का अशी शंका यावी. स्टेलाला किती, ते तिनं उघडं केलं नाही. आवाज, चाल, चेहरा न बदलता एवढ्या बायका झाल्या त्या यामुळे.

तिचं सगळंच जमलं असं नाही. 'द बिटर टी ऑफ जनरल येन'मध्ये चिनी सेनापती एका गोऱ्या नटाला रंगवून केलाय, तिथे तिचं काम चांगलं असूनही आज बघताना अवघडायला होतं. पन्नाशीच्या आसपास मिळालेले काही चित्रपट नुसते पोटापाण्याचे. पण त्यातही 1957च्या 'फोर्टी गन्स'मध्ये घोड्यामागे फरफटत जाण्याचा प्रसंग तिनं स्वतः केला, वय पन्नासच्या घरात. 

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, पहिल्यांदा पाहायचा तर कोणता पाहावा?)

'लेडी ईव्ह' पाहा, घरच्यांबरोबर, हसा. 'स्टेला डॅलस' मात्र एकट्यानं. आणि त्या हॉटेलच्या प्रवेशात हसू आलं तर येऊ द्या, दाबू नका. मग जरा वेळ गप्प बसा. माझं अर्धं आयुष्य त्या हसण्याचा हिशेब लावण्यात गेलं, तो अजून लागलेला नाही.